विश्लेषण : बीएस-६ ट्रकमध्ये जुनेच इंजिन ऑइल का चालत नाही? बादलीवरचे आकडे काय सांगतात?

कळंबोलीहून पोलाद भरून निघालेला ट्रक कसारा घाट चढू लागतो आणि डॅशबोर्डवर डीपीएफचा दिवा लागतो. इंजिनाची ओढ कमी होते, गाडी वर्कशॉपला जाते, भाडे बुडते. कर्जाचा हप्ता मात्र थांबत नाही. अशा बिघाडामागे अनेक कारणे असू शकतात. त्यातले एक सहज टाळता येण्यासारखे आहे, ते म्हणजे ‘आजवर हेच घालत आलो’ म्हणून ओतलेले चुकीचे इंजिन ऑइल. १ एप्रिल २०२० पासून देशात बीएस-६ निकष लागू झाले आणि त्याबरोबर ट्रकच्या तेलाचा हिशेबही बदलला.

‘१५डब्ल्यू-४०’ म्हणजे काय?

हा तेलाच्या जाडपणाचा, म्हणजेच व्हिस्कॉसिटीचा दर्जा आहे. ‘डब्ल्यू’ हे ‘विंटर’चे आद्याक्षर. १५डब्ल्यू तेलाची चाचणी उणे २० अंश सेल्सिअसला होते. इतक्या थंडीतही इंजिन फिरू शकेल एवढे ते पातळ राहावे लागते. पुढचा ४० हा आकडा १०० अंश तापमानाला तेल किती जाड राहते ते सांगतो. थोडक्यात, पहिला आकडा गाडी सुरू करतानाचा, तर दुसरा गाडी तापल्यानंतरचा.

विदर्भातल्या उन्हाळ्यासाठी जाड तेल घालावे का?

हा समज गॅरेजमध्ये हमखास ऐकू येतो. मात्र बाहेर ३० अंश असो वा ४५, तापलेल्या इंजिनातले तेल १०० अंशांच्या आसपासच काम करते. कूलिंग यंत्रणा ठीक असेल, तर केवळ उन्हाळा आहे म्हणून जाड तेलाची गरज नसते. उलट गरजेपेक्षा जाड तेल सकाळी गाडी सुरू करताना बेअरिंगपर्यंत उशिरा पोहोचते, त्याचा अंतर्गत अडथळा वाढतो आणि डिझेलही जास्त जळते. इंजिन तेल ‘खात’ असेल, तर आधी कारण शोधावे. जाड तेल हा त्यावरचा इलाज नव्हे.

सीआय-४ आणि सीके-४ मध्ये फरक काय?

जाडपणाइतकाच तेलाचा दर्जा महत्त्वाचा आणि बहुतेकांची चूक इथेच होते. अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूट म्हणजेच एपीआय हे दर्जे ठरवते. ‘एस’ने सुरू होणारे दर्जे पेट्रोल इंजिनासाठी, तर ‘सी’ने सुरू होणारे डिझेलसाठी असतात. सीआय-४ हा दर्जा २००२ मध्ये आला, तर सीके-४ डिसेंबर २०१६ मध्ये. दोन्ही तेलांच्या बादलीवर १५डब्ल्यू-४० लिहिलेले असू शकते, पण आतले रसायन वेगळे असते.

बीएस-६ ट्रकला याने काय फरक पडतो?

बीएस-६ ट्रकच्या धुराच्या मार्गात डीपीएफ हा फिल्टर असतो. तो काजळी अडवतो आणि ठरावीक काळाने ती उच्च तापमानाला जाळून टाकतो. या प्रक्रियेला रीजनरेशन म्हणतात. पण इंजिनात तेलाचाही थोडा अंश जळतच असतो. तेलातल्या कॅल्शियम, मॅग्नेशियम, झिंक यांसारख्या धातूंच्या संयुगांची त्यातून राख होते. काजळी जळते, राख जळत नाही. ती फिल्टरमध्ये साचत राहते. म्हणूनच सीके-४ तेलात सल्फेटेड राखेला १ टक्क्याची मर्यादा आहे. सीआय-४ ला अशी मर्यादा नाही. ज्यात राख जास्त होते असे तेल घातले, तर दुसऱ्या दिवशी काहीच बिघडत नाही. पण फिल्टर वेळेआधी भरतो. लिटरमागे वाचवलेले पैसे डीपीएफच्या एका बिलात निघून जातात.

ताफ्यात जुन्या-नव्या गाड्या असतील तर?

सीके-४ तेल जुन्या सीआय-४ इंजिनातही चालते. उलटे मात्र करू नये. त्यामुळे बीएस-४ आणि बीएस-६ अशा दोन्ही गाड्या असलेल्या मालकाने एकच सीके-४ तेल ठेवले, तर अदलाबदलीची भीती राहत नाही. एफए-४ हा मात्र वेगळा, पातळ तेलाचा दर्जा आहे. कंपनीने स्पष्ट सांगितल्याशिवाय तो वापरू नये.

तेल काळे पडले म्हणजे खराब झाले का?

नाही. डिझेल इंजिनात तेल काही दिवसांतच काळे होते. काजळी धरून ठेवणे हे त्याचे कामच आहे. चिंता करावी अशी लक्षणे वेगळी आहेत. डिपस्टिकवर पातळी आपोआप वाढली, तर तेलात डिझेल मिसळत असण्याची शक्यता असते. वारंवार अर्धवट राहिलेले रीजनरेशन हे त्याचे एक कारण. तेल दुधाळ दिसले, तर पाणी किंवा कूलंट शिरल्याची शंका घ्यावी. दोन्ही बाबतींत गाडी पुढे न दामटता तपासून घ्यावी.

तेल कधी बदलावे?

कंपनीच्या पुस्तिकेत किलोमीटर आणि तास किंवा महिने दिलेले असतात. जे आधी पूर्ण होईल ते धरावे. बंदराबाहेरच्या रांगेत तासन् तास सुरू असलेले इंजिन किंवा खाणीतला टिपर यांचे किलोमीटर कमी दिसतात, पण तेल झिजतच असते. तेलाबरोबर फिल्टरही बदलावा.

खरेदी करताना काय पाहावे?

पुस्तिकेत दिलेला जाडपणा, एपीआय दर्जा आणि वाहन कंपनीची मान्यता या तिन्ही गोष्टी बादलीवर जुळल्या पाहिजेत. ‘हेवी ड्युटी’ किंवा ‘टर्बो’ अशा मोठ्या अक्षरांवर जाऊ नये. सील आणि बॅच क्रमांक तपासून पक्के बिल घ्यावे, कारण वॉरंटीचा वाद झाला तर तेच कामी येते. रिकामी बादली भोक पाडूनच भंगारात द्यावी, म्हणजे तिच्यात बनावट तेल भरून ती पुन्हा बाजारात येणार नाही. रस्त्यात तेल कमी पडले, तर मिळेल ते ओतण्याची वेळ येऊ नये म्हणून केबिनमध्ये त्याच तेलाचा एखादा सीलबंद डबा ठेवणे केव्हाही स्वस्त पडते.