आडनावांच्या मुलखात (७) : जागच्या जागी चालणारा वॉकर

गेल्या आठवड्यातला स्मिथ सोपा होता. लोहार, विषय संपला. आजचा वॉकर मात्र चकवतो. अर्थ विचारला तर शाळकरी पोरही ‘चालणारा’ म्हणेल. जॉनी वॉकरच्या बाटलीवर उंच टोपी घालून, काठी घेऊन ढांगा टाकत निघालेला साहेब त्याला दुजोराच देतो. पण ते चित्र टॉम ब्राउन या चित्रकारानं १९०८ साली काढलं. मूळचा जॉन वॉकर हा स्कॉटलंडमधल्या किल्मार्नॉक गावचा वाणी. दुकान त्याचं १८२० पासूनचं. आडनावावर केलेली ती एक कोटी, पण जगभर खपली.

वॉकर चालायचा हे खरंच, पण जागच्या जागी. मागावरून उतरलेलं लोकरीचं कापड विरविरीत आणि तेलकट असतं. ते डोणीत भिजत टाकून, आत उतरून, तासन्‌तास पायांनी तुडवायचं. तुडवून तुडवून धागे एकमेकांत गुंततात, कापड आटतं, गच्च होतं. तेल सुटावं म्हणून डोणीत शिळं मूत्र ओतायचे. अमोनिया मिळवायचा तो हाच स्वस्त मार्ग. जोडीला तेल शोषणारी चिकणमाती असे. तिचीच भावंडं आपण मुलतानी माती म्हणून हौसेनं चेहऱ्याला फासतो! जुन्या इंग्रजीत ‘वेआल्कन’ म्हणजे लोळवणं, घुसळणं. ते करणारा तो वॉकर.

गंमत पुढे आहे. हाच धंदा करणाऱ्याला इंग्लंडच्या आग्नेय भागात फुलर म्हणत. तो शब्द लॅटिन ‘फुल्लो’च्या घराण्यातला. नैर्ऋत्येला, डेव्हन-सॉमरसेटकडे, तोच माणूस टकर. त्याचं मूळ क्रियापद ‘तुकियन’, म्हणजे छळणं. बिचाऱ्या कापडाच्या बाजूनं विचार केला तर हेच नाव सर्वांत खरं! उत्तरेकडे मात्र वॉकर. आडनावं वंशपरंपरेनं चालू लागली तेव्हा ज्या मुलखात जो शब्द रुळला होता, तो घराण्याला चिकटला. म्हणून एखाद्या टकरचे पूर्वज शोधायचे तर आधी डेव्हनकडे पाहावं. तिथल्या एक्झिटर शहरात विणकर आणि टकर मंडळींच्या संघानं १४७१ साली बांधलेली वास्तू ‘टकर्स हॉल’ नावानं अजून उभी आहे.

आता यातला विरोधाभास पाहा. टेंपलर सरदारांच्या मालमत्तेची ११८५ साली मोजदाद झाली, तिच्यात कापड कुटणाऱ्या पाणचक्क्या आहेत. ओढ्याच्या पाण्यावर चाक फिरे, लाकडी हातोडे वरखाली होत आणि माणसाच्या पायांचं काम उरकत. वेल्समध्ये या चक्कीला ‘पांडी’ म्हणतात. टोनीपांडी हे गावाचं नाव त्यातूनच आलं. आडनावं पक्की झाली ती मुख्यतः यानंतरच्या दोन शतकांत. म्हणजे वॉकर हे नाव बापाकडून मुलाकडे जाऊ लागलं, तोवर कित्येक वॉकरांचे पाय कोरडे झाले होते.