बैलाचे खांदे शेकता, घरच्यांचे कोण शेकणार?



पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांची खांदेमळणी करण्याची आपली जुनी रीत आहे. जू ओढून घट्टे पडलेले खांदे गरम पाण्याने शेकायचे, तूप-हळद लावून हलक्या हाताने चोळायचे आणि सणाच्या दिवशी मानेवर जू ठेवायचे नाही. मुक्या जनावराने वर्षभर कष्ट केले, त्याची ही जाण. पण ज्या घरात बैलाचे खांदे शेकले जातात, त्याच घरातल्या माणसांचे खांदे, कंबर आणि गुडघे वर्षानुवर्षे दुखत असतात आणि त्यांच्याकडे कोणी पाहत नाही. "शेतकऱ्याचं अंग दुखायचंच" असे म्हणून आपण गोष्ट सोडून देतो.

पिकाच्या माहितीपत्रकात एकरी बियाणे किती, खत किती, पाण्याच्या पाळ्या किती हे सगळे छापलेले असते. एकरी पाठ किती वेळ वाकते, हे मात्र कोठे लिहिलेले नसते. आज त्याविषयी थोडे बोलू.

पाणी आले, तसे कामही आले

अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यातील हिवरे बाजार हे गाव तुम्हाला माहीत आहेच. पाऊस बेताचा, वर्षाला चारशे मिलिमीटरच्या आसपास. 1972 च्या दुष्काळानंतर तर पोटासाठी गाव सोडण्याची वेळ अनेकांवर आली होती. 1989 च्या सुमारास श्री. पोपटराव पवार सरपंच झाले आणि गावाने कंबर कसली. पुढे आदर्श गाव योजनेत गाव आले. कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, नसबंदी, नशाबंदी आणि श्रमदान ही पंचसूत्री गावाने पाळली. डोंगरावर समतल चर खणले, बांध घातले, झाडे लावली. विहिरींना पाणी आले आणि बाहेर गेलेली कुटुंबे परत आली.

या गोष्टीची दुसरी बाजू ध्यानात घ्या. पाणी नव्हते तेव्हा वर्षातले कित्येक महिने शेतात काम नसे. पाणी आल्यावर कांदा आला, भाजीपाला आला, गाई-म्हशी आल्या. नव्वदीच्या दशकाच्या मध्यास दिवसाला जेमतेम 150 लिटर असलेले गावचे दूध पुढे काही हजार लिटरांवर गेले. ही मोठी आनंदाची गोष्ट आहे. पण त्यातला लिटर न् लिटर कोणाच्या तरी मुठीतून आणि मनगटातून निघतो. चराईबंदी म्हणजे जनावर डोंगरावर सोडायचे नाही. मग गवत विळ्याने कापायचे आणि भारा डोक्यावरून आणायचा. ज्या गावात पाणी येते, त्या प्रत्येक गावाची हीच कथा आहे. सुबत्ता येते ती कष्टाच्या खांद्यावर बसूनच.

अंग का दुखते?

सवय नसलेले काम एकदम केले की दुसऱ्या दिवशी अंग आंबते. ज्वारी उपटायला सुरुवात केली की पहिले दोन-तीन दिवस पाठ, मांड्या आणि तळहात बोलू लागतात. काम करताना स्नायूंच्या तंतूंना अगदी बारीक इजा होते आणि शरीर ती दुरुस्त करीत असते. म्हणून हे दुखणे कामाच्या दिवशी कमी आणि पुढच्या एक ते तीन दिवसांत जास्त जाणवते. चार-पाच दिवसांत ते आपोआप जाते. त्याला घाबरू नये, औषधही लागत नाही. सुगीच्या पहिल्या दिवशी मात्र सगळा जोर लावू नये. अर्ध्या कामाने सुरुवात करून ते रोज थोडे वाढवावे, म्हणजे अंग सरावते.

दुसरे दुखणे एकाच स्थितीत फार वेळ राहिल्याने येते. कांद्याची रोपे लावताना कंबरेत वाकून, खुरपताना उकिडवे बसून, धार काढताना एकच मूठ वळून. हे दुखणे हळूहळू मुरते आणि जात नाही. "दुखणे हत्तीच्या पावलाने येते आणि मुंगीच्या पावलाने जाते" असे आपण म्हणतो, पण हे दुखणे येतेही मुंगीच्याच पावलाने. म्हणून ते वेळीच दिसत नाही.

मालीश कशी करावी?

अंगाला तेल लावण्याची आपली परंपरा फार जुनी आहे. वाग्भटाच्या 'अष्टांगहृदय' या ग्रंथात दिनचर्येत रोज अभ्यंग करावा, विशेषतः डोके, कान आणि पायांना तेल लावावे, असे सांगितले आहे. आपण मात्र ते दिवाळीच्या अभ्यंगस्नानापुरते ठेवले. तालमीत पैलवान एकमेकांची मालीश करतात. 1952 साली हेलसिंकीला ऑलिंपिक पदक जिंकणारे खाशाबा जाधव ज्या मातीतून आले, त्या मातीतली ही रीत आहे. जो जोर करतो, त्याने अंग रगडूनही घ्यावे.

मालिशीने स्नायू सैल होतात, आखडलेपणा कमी होतो, झोप चांगली लागते. ती सर्व रोगांवरचा इलाज नाही, पण कष्टाच्या दुखण्यावर स्वस्त आणि घरगुती उपाय आहे. कृती अशी :

1. तिळाचे, करडईचे किंवा शेंगदाण्याचे, घरात असेल ते तेल घ्यावे. दोन-तीन चमचे पुरतात. तेलाची वाटी गरम पाण्यात ठेवून तेल कोमट करावे. चुलीवर कडकडीत तापवू नये.

2. वेळ आंघोळीपूर्वीची किंवा रात्री निजण्यापूर्वीची ठेवावी. जेवण झाल्याबरोबर आणि अंगात ताप असताना मालीश करू नये.

3. हातापायांना खालून वर, म्हणजे पंजाकडून खांद्याकडे आणि पावलाकडून मांडीकडे, लांब हात फिरवावा. सांध्यांवर गोल फिरवावा.

4. पाठीला मणक्यांच्या दोन्ही बाजूंना अंगठ्याने दाबत जावे. मणक्यावर थेट जोर देऊ नये. मुलांना पाठीवर उभे करून तुडवून घेण्याची सवय सोडावी. म्हाताऱ्या माणसाची हाडे ठिसूळ असतात, त्यांच्या बाबतीत तर हे मुळीच करू नये.

5. धार काढणाऱ्यांनी कोपरापासून मनगटापर्यंतचा भाग आणि अंगठ्याच्या बुडाचा मांसल भाग चोळून घ्यावा. नंतर कोमट पाण्यात हात बुडवून मूठ वीस वेळा उघडावी, मिटावी.

6. दाब गोड वाटेल इतकाच असावा. चोळताना माणूस ओरडला म्हणजे मालीश चांगली झाली, असे नाही.

काशाच्या वाटीने तळपाय घासण्याची चालही चांगली आहे. तेल काळे पडते ते अंगातली उष्णता निघाली म्हणून, असे सांगतात. खरे तर तो काळेपणा काशातल्या धातूचा असतो. पण पाय मोकळे होतात, झोप लागते, हा अनुभव खरा आहे.

जुनाट आखडलेल्या भागाला वाळूच्या किंवा मिठाच्या पुरचुंडीने शेकावे. मधुमेह असलेल्यांच्या पायांना चटका समजत नाही. त्यांना शेकताना दुसऱ्याने आपल्या हाताने ऊब तपासावी. ताजी मुरगळ, मुका मार आणि सूज यांवर पहिले दोन दिवस शेक किंवा मालीश नको. गार पाण्याची पट्टी ठेवून त्या भागाला विश्रांती द्यावी.

दुखणे येऊच नये म्हणून

मालिशीपेक्षा रोजच्या सवयी महत्त्वाच्या आहेत. अर्ध्या तासाने उठून दोन मिनिटे ताठ उभे राहावे, हात कमरेवर ठेवून हळूच मागे झुकावे. सकाळी खुरपणी केली असेल तर दुपारी उभ्याचे काम घ्यावे. ओळीत पेरलेल्या पिकात सायकल कोळपे चालवावे, म्हणजे उकिडवे बसणे पुष्कळ कमी होते. कापणीला दातेरी वैभव विळा वापरावा, त्याला जोर कमी लागतो. धार काढायला बुटके स्टूल घ्यावे. कांद्याची गोणी दोघांनी उचलावी. उचलताना कंबरेत न वाकता गुडघ्यात वाकावे आणि ओझे पोटाशी धरावे. भारा आणताना एका मोठ्या खेपेऐवजी दोन लहान खेपा कराव्यात. बाजेची झोळी झाली असेल तर आजच ती ओढून घट्ट करावी.

उन्हात घाम गेल्याने पिंढरीत गोळे येतात. तहान लागण्याची वाट न पाहता पाणी पीत राहावे. अधूनमधून मीठ-साखर घातलेले लिंबूपाणी किंवा मीठ घातलेले ताक घ्यावे. आणि एक विनंती : सगळे दूध डेअरीला घालू नका. डाळ, उसळ, शेंगदाणे, तीळ आणि घरच्या प्रत्येक माणसाला कपभर दूध, यांतूनच झिजलेला स्नायू भरून निघतो.

घरच्या लक्ष्मीचे काय?

आपल्या घरात मालीश कोणाची होते, ते पाहा. तान्ह्या बाळाची होते, पैलवान पोराची होते आणि बाळंतिणीची होते. म्हणजे बाईच्या वाट्याला तेल आणि शेक येतो तो बाळंतपणातल्या सव्वा महिन्यापुरता. त्यानंतर तीस-चाळीस वर्षे ती खुरपते, कांदे लावते, धारा काढते, पाणी भरते, भाकरी थापते. त्या काळात तिच्या पाठीला कोणी हात लावीत नाही. सगळ्यांच्या पायांना तेल ती लावते आणि शेवटी दिवा मालवून तशीच निजते.

"अंग मोडून आलंय" असे बाई रोज म्हणत असेल तर ते केवळ कष्टाचे नसेल. 2019 ते 2021 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील निम्म्याहून अधिक स्त्रियांना रक्तक्षय आढळला. रक्त कमी असेल तर कितीही तेल लावले तरी थकवा जात नाही. प्राथमिक आरोग्य केंद्रात हिमोग्लोबिन तपासून घ्यावे.

येथे मालीश नको, दवाखाना गाठा

काही दुखणी अंगदुखीचे सोंग घेऊन येतात. ती ओळखलीच पाहिजेत.

फवारणीनंतर खूप घाम, लाळ, मळमळ, डोळ्यांपुढे अंधारी आणि स्नायूंची फडफड सुरू झाली तर तो थकवा नव्हे, विषबाधा असू शकते. 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले, हे विसरू नका. अशा माणसाला तेल चोळत बसू नये. कपडे काढून अंग साबणाने धुवावे आणि औषधाची बाटली बरोबर घेऊन लगेच दवाखाना गाठावा.

छातीत दाब, डाव्या हातात, जबड्यात किंवा पाठीत कळ आणि दरदरून घाम आला तर 108 क्रमांकावर फोन करावा. एकाच पायाची पिंढरी सुजून गरम व दुखरी झाली असेल तर तेथे रक्ताची गुठळी असू शकते. ती चोळणे जिवावर बेतते. कंबरदुखीबरोबर पायात मुंग्या, बधिरपणा किंवा लघवीवरचा ताबा गेला, तर एक दिवसही थांबू नये. पडून हाड मोडल्याची शंका असेल तर आधी क्ष-किरण फोटो काढावा.

दुकानातून वेदनाशामक गोळ्या आणून रोज खाण्याची चाल तर फारच वाईट. त्यांनी जठराला जखमा होतात आणि उन्हातान्हात पाणी कमी पिणाऱ्याच्या मूत्रपिंडाला धक्का बसतो.

अंगाचा ताळेबंद

हिवरे बाजारचे गावकरी दर वर्षी पाण्याचा ताळेबंद मांडतात. पाऊस किती झाला, पिण्याला किती लागेल, उरलेल्यात कोणती पिके घ्यायची, हे मिळून ठरवतात. साठ्यापेक्षा उपसा जास्त झाला तर विहीर कोरडी पडते, हे त्या गावाने सोसून शिकले आहे. म्हणून तेथे सिंचनासाठी कूपनलिकांना बंदी आहे.

शरीराची विहीरही तशीच आहे. झोप, अन्न, विसावा आणि तेलाचे चार थेंब ही तिची भरती. रोजचे कष्ट हा तिचा उपसा. तुमच्या घरी कोणाचा उपसा जास्त आणि भरती कमी आहे, याचा हिशेब एकदा सर्वांनी बसून करा. पाणी धरणे आणि पाखरांची राखण जशी पाळीने करता, तशीच मालिशीची पाळी लावा. दहा मिनिटे सुनेने सासूची पाठ चोळावी, दहा मिनिटे मुलाने आईचे पाय आणि धन्यानेही कारभारणीच्या खांद्याला तेल लावण्यात कमीपणा मानू नये. ज्या हातांनी बैलाचे खांदे मळले, त्या हातांना हे काम अवघड नाही.