ऑपरेशननंतरची गोळी आणि दुसरे मूल



वैभववाडी-कणकवलीकडच्या आपल्या ऊसकरी घरांतल्या कित्येक लेकी मालवण किनाऱ्यावर दिलेल्या आहेत. पदरी लहान मूल असताना एखादीला स्तनाचा कॅन्सर होतो, परळच्या टाटामध्ये नाहीतर बांबोळीला ऑपरेशन होते आणि घरचे म्हणतात, सुटलो! खरे निर्णय पुढेच असतात.

रिपोर्टात ईआर-पीआर पॉझिटिव्ह असेल, म्हणजे गाठ बाईच्या हार्मोनवर पोसणारी असेल, तर तो आधार तोडण्यासाठी बहुधा टॅमॉक्सिफेनची गोळी ५ वर्षे, काहींना १० वर्षे देतात. ती चालू असताना दिवस राहू देऊ नयेत, अंगावर पाजू नये. माला-डी चालत नाही, तांबीबद्दल विचारावे.

घोटाळा इथेच होतो. सासू म्हणते, "आता दुसऱ्याचं बघा," आणि सून गुपचूप गोळी सोडते. आम्ही एकट्या सुनेला दोष देणार नाही. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात, दीड ते अडीच वर्षे उपचार घेऊन मग मुलासाठी २ वर्षांपर्यंत थांबलेल्या स्त्रियांत पहिली काही वर्षे तरी रोग उलटण्याचे प्रमाण वाढलेले दिसले नाही. मात्र हे सर्वांना लागू नाही. थांबायचे की नाही, कधी, हे डॉक्टरांशी बोलून ठरवावे. नवऱ्याने सोबत जावे, लाज न धरता विचारावे.

तपासणी सुरुवातीची वर्षे ३ ते ६ महिन्यांनी, मॅमोग्राफी वर्षातून एकदा. काही त्रास नसेल तर दर खेपेला मोठा स्कॅन लागत नाही. मधली तपासणी जिल्ह्यातच होईल का, हेही विचारून घ्यावे. कुडाळहून मुंबईची खेप, तीही पोर घेऊन, सोपी नाही.