काळी माती, पांढरं बोंड आणि सोळा हजार पायऱ्या

दिवाळीच्या आसपास भर दुपारी करमाडच्या शिवारात कॅमेरा घेऊन उभं राहावं. जालना रोडच्या दोन्ही अंगांना कपाशी फुटलेली असते. वर पांढरीशुभ्र बोंडं, खाली काळी माती आणि मधे कापूस वेचणाऱ्या बायकांचे, डोक्यावरच्या पदराच्या सावलीत गेलेले चेहरे. आपल्या डोळ्यांना ही तिन्ही एकदम दिसतात. कॅमेरा मात्र इथे अडतो. बोंडातले तंतू दिसावेत म्हणून प्रकाश कमी घेतला तर चेहरे काळवंडतात. चेहऱ्यांसाठी वाढवला तर बोंडांच्या जागी नुसते पांढरे ठिपके उरतात.

या पेचात सापडलेला माणूस कधीतरी कॅमेऱ्याच्या मेनूत शिरतो आणि तिथे त्याला दोन नावं भेटतात, रॉ आणि जेपेग. कुणीतरी जाणता सांगतो, रॉ म्हणजे मोठी फाईल, जेपेग म्हणजे छोटी. ते खरंच आहे. पण या दोन फाइलींच्या मधल्या क्षणभरात कॅमेऱ्याच्या पोटात जे घडतं, ते कळलं की साध्या वाढदिवसाच्या फोटोकडेही माणूस वेगळ्या नजरेने बघू लागतो.

पहिली थक्क करणारी गोष्ट म्हणजे कॅमेऱ्याच्या सेन्सरला रंग दिसतच नाही. त्याच्यावरचा प्रत्येक बिंदू फक्त किती प्रकाश पडला एवढंच मोजतो. यावर कोडॅक कंपनीतल्या ब्राइस बायर यांनी तोडगा काढला आणि १९७६ साली त्याचं पेटंट मिळवलं. प्रत्येक बिंदूवर एक चिमुकली रंगीत काच बसवायची, कुठे लाल, कुठे हिरवी, कुठे निळी. त्यातही निम्म्या काचा हिरव्या, कारण बारीक तपशील ओळखताना आपला डोळा हिरव्या प्रकाशावरच सर्वाधिक भिस्त ठेवतो. आज बाजारातले बहुतेक सगळे कॅमेरे आणि मोबाईल याच मांडणीवर चालतात.

आता हिशोब करा. २४ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यात २ कोटी ४० लाख बिंदू. त्यातले १ कोटी २० लाख हिरवा प्रकाश मोजतात, ६० लाख लाल आणि ६० लाख निळा. पण फोटोतल्या प्रत्येक ठिपक्याला तर तिन्ही आकडे लागतात. उरलेले दोन शेजाऱ्यांकडे बघून अंदाजाने भरले जातात. म्हणजे तुमच्या-आमच्या घरातल्या जवळजवळ कुठल्याही डिजिटल फोटोतली दोन तृतीयांश रंगमाहिती कधी मोजलेलीच नसते, ती गणिताने काढलेली असते. आणि तरी आईचा चेहरा आईसारखाच दिसतो!

हे अंदाज बांधायच्या आधी जे कोरे आकडे सेन्सरने मोजले, ते जवळपास जसेच्या तसे साठवणं म्हणजे रॉ. त्याला अजून चित्र म्हणताच येत नाही. पडद्यावर ते दिसण्यासाठी कुठल्या तरी सॉफ्टवेअरला आधी त्याचं चित्र करावं लागतं.

चांगल्या कॅमेऱ्याच्या रॉमध्ये प्रत्येक बिंदूचा प्रकाश १४ बिटमध्ये मोजला जातो, म्हणजे अंधारापासून झगमगाटापर्यंत १६,३८४ पायऱ्या. जेपेगमध्ये प्रत्येक रंगाला मिळतात २५६. सेन्सर सरळ हिशोबाने मोजतो, दुप्पट प्रकाश तर दुप्पट आकडा. त्यामुळे त्या १६,३८४ पैकी अर्ध्या, म्हणजे ८,१९२ पायऱ्या एकट्या सर्वांत उजळ टप्प्याला जातात. त्याच्या निम्म्या प्रकाशाच्या टप्प्याला ४,०९६, त्याखाली २,०४८, आणि असं उतरत उतरत काळ्या मातीपर्यंत पोहोचेस्तोवर हातात मोजक्याच पायऱ्या राहतात. आपला डोळा असा सरळ हिशोबाचा नाही. काळोखातला थोडासा फरक त्याला चटकन जाणवतो, उन्हातला तेवढाच फरक जाणवत नाही. म्हणून जेपेग करताना कॅमेरा त्या २५६ पायऱ्या डोळ्याच्या स्वभावानुसार नव्याने वाटतो. एवढ्या थोड्या पायऱ्यांत काम भागतं, ते या वाटपामुळे.

कपाशीच्या शेतातला मार्गही यातूनच निघतो. बोंडं पांढरी फट्ट व्हायच्या जरा अलीकडे थांबेल इतकाच प्रकाश घ्यायचा, रॉमध्ये साठवायचं आणि सावलीतले चेहरे नंतर संगणकावर उजळायचे. जेपेगमध्ये हेच करायला गेलं की त्या सावलीत चट्टे आणि खरखर उमटते, कारण उजळायला मधल्या पायऱ्याच शिल्लक नसतात. अर्थात रॉ म्हणजे जादू नव्हे. जे बोंड सेन्सरच्या मोजमापाच्याही पार गेलं, ते रॉमधूनही परत येत नाही.

पायऱ्यांपेक्षाही मला जास्त नवल वाटतं ते कॅमेरा आपल्या वतीने परस्पर करत असलेल्या निर्णयांचं. हळदीचा कार्यक्रम घ्या. मांडव पिवळा, झेंडू पिवळा, साड्या पिवळ्या, नवरीचे गाल पिवळे. कॅमेऱ्याला बिचाऱ्याला हळद ठाऊक नाही. त्याला वाटतं, इथला उजेडच पिवळा पडलाय. मग तो निळ्याचा जोर वाढवतो, हळद फिकी पडते आणि चेहऱ्यांवर एक आजारी छटा येते. जेपेगमध्ये ही चूक चित्रात मुरते. रॉमध्ये उजेडाच्या रंगाविषयीचा कॅमेऱ्याचा अंदाज आकड्यांच्या शेजारी केवळ नोंद म्हणून राहतो. ती नोंद खोडून दुसरी लिहिली की मूळ आकड्यांना धक्का न लागता हळद पुन्हा हळद होते.

लाल शालूची गंमत आणखी निराळी. दिवसाच्या उजेडात सेन्सरचे लाल बिंदू हिरव्यांच्या मानाने कमी प्रकाश पकडतात. म्हणून चित्र तयार करताना कॅमेरा लाल आकड्यांना गुणून मोठं करतो. शालू आधीच भडक असला की हा गुणाकार जेपेगच्या सर्वांत वरच्या पायरीची हद्द ओलांडतो आणि जरीकाम, चुण्या, सगळं एका सपाट लाल पट्ट्यात बुडून जातं. पण गुणाकाराआधीचे आकडे बऱ्याचदा हद्दीच्या आतच असतात, आणि रॉमध्ये असतात ते हेच आकडे. गुलालाने माखलेल्या चेहऱ्यांचंही तसंच.

एवढं ऐकून जेपेगला दुय्यम समजाल तर थांबा. त्याच्या मुळाशी बंगळूरमध्ये जन्मलेल्या एका अभियंत्याचं डोकं आहे. नासिर अहमद अमेरिकेतल्या कॅन्सस स्टेट विद्यापीठात शिकवत होते. १९७२ मध्ये त्यांनी एका नव्या गणिती रूपांतराच्या अभ्यासासाठी तिथल्या नॅशनल सायन्स फाउंडेशनकडे निधी मागितला. अर्ज नाकारला गेला, कल्पना फारच सोपी आहे म्हणून! त्यांनी काम सोडलं नाही. टी. नटराजन आणि के. आर. राव यांच्यासह त्यांचा शोधनिबंध जानेवारी १९७४ मध्ये छापून आला. १९९२ साली ठरलेलं जेपेगचं मानक त्याच रूपांतरावर उभं आहे.

त्यात होतं असं. चित्राचे ८ बाय ८ ठिपक्यांचे चौकोन पाडायचे. २४ मेगापिक्सेलच्या फोटोत असे पावणेचार लाख चौकोन होतात. प्रत्येक चौकोनातले ६४ आकडे ६४ लाटांच्या भाषेत लिहायचे, काही संथ, काही अतिशय बारीक. मग डोळ्याला जाणवतच नाहीत अशा बारीक लाटा ढोबळ करायच्या किंवा टाकून द्यायच्या. जवळपास ७२ एमबीचं चित्र बघता बघता आठ-दहा एमबीत बसतं आणि शेजारी ठेवून पाहिलं तरी फरक सापडत नाही. सोपी म्हणून नाकारलेली कल्पना आज जगातल्या जवळजवळ प्रत्येक खिशात आहे.

आणि काही ठिकाणी जेपेगच हवं. अंतरपाट दूर होतो, अक्षता उधळल्या जातात, तेव्हा फोटोग्राफर बटण दाबूनच धरतो. रॉच्या जड फाइलींनी साध्या कॅमेऱ्याची तात्पुरती साठवण पटकन भरते आणि तो नेमका हार घालताना दम खातो. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर सुरू झालेल्या ई-पीक पाहणीत शेतकरी स्वतः शेतात उभा राहून मोबाईलवर पिकाचा फोटो काढतो. तिथे नेटवर्कची एखादी काडी दिसत असताना तीस एमबीची रॉ फाईल घेऊन काय करायचं? बातमीच्या धंद्यात तर विश्वासाचाही प्रश्न येतो. रॉयटर्सने नोव्हेंबर २०१५ मध्ये बाहेरच्या छायाचित्रकारांना कळवलं की रॉवरून तयार केलेले फोटो पाठवू नका, कॅमेऱ्यातून निघालेलं मूळ जेपेगच द्या. उलट वर्ल्ड प्रेस फोटो स्पर्धा खरेपणा तपासायला मूळ फाईल मागते, रॉमध्ये काढला असेल तर रॉच. एकाच गोष्टीसाठी दोघं दोन टोकांना गेले, आणि दोघांचंही बरोबर आहे.

‘रॉ काढतो तोच खरा फोटोग्राफर’ हा तोरा त्यामुळे मला पटत नाही. माझा हिशोब साधा आहे. उजेड अवघड असेल आणि क्षण पुन्हा येणार नसेल तर रॉ. फोटो लगेच पोहोचवायचा असेल आणि उजेड सरळ असेल तर जेपेग. अजिंठ्याच्या लेण्यांत फ्लॅशला मनाई आहे, तिथे रॉ. शाळेच्या स्नेहसंमेलनाचे पाचशे फोटो रात्रीच्या आत ग्रुपवर टाकायचे असतील तर जेपेग. (आणि ते व्हॉट्सअ‍ॅपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवा. साधा फोटो म्हणून पाठवला की पुन्हा दाबला जातो, आणि असा चार घरं फिरून आलेला फोटो लगेच ओळखू येतो.) कार्डात जागा असेल तर दोन्ही एकदम घ्यायची सोय बहुतेक कॅमेऱ्यांत आहेच.

रॉच्या बाजूने एक गोष्ट मात्र राहते. त्यातून चित्र काढणारी सॉफ्टवेअर दरवर्षी सुधारत आहेत. पंधरा वर्षांपूर्वीची रॉ फाईल आज उघडली, तर तेव्हापेक्षा कमी खरखरीचा आणि स्वच्छ रंगांचा फोटो मिळतो. जुन्या जेपेगवरूनही काही डागडुजी होते, पण टाकून दिलेल्या लाटा परत मिळत नाहीत. तेव्हा घरात कार्य ठरलं की फोटोग्राफरशी पानं किती आणि ड्रोन आहे का एवढंच बोलून थांबू नका. हळद आणि लग्न रॉमध्ये घेणार का, ते विचारा. अल्बम हातात पडल्यावर त्या फाइली पुसल्या जाण्याआधी एक हार्ड डिस्क घेऊन जा आणि मागून घ्या.