रंगीत की कृष्णधवल: स्थिरचित्रांच्या छायाचित्रणाचा मागोवा
छायाचित्रणात स्थिरचित्र अगदी पहिल्यापासून आहे, आणि त्याचे कारण कलेपेक्षा सोयीचे होते. सुरुवातीच्या प्लेटला मिनिटांच्या हिशेबाने प्रकाश लागे. तेवढा वेळ न हलता राहणार ते प्लास्टरचे पुतळे, बाटल्या आणि फळेच. छायाचित्रणाचा आद्य प्रवर्तक दागेर याने १८३७ मध्ये स्टुडिओतील अशाच वस्तूंची रचना टिपली. दुसरा प्रवर्तक टॅलबट याने १८४४ पासून हप्त्याहप्त्याने काढलेल्या ग्रंथात चिनी मातीची भांडी आणि फळांच्या परड्या आल्या. रंगाचा पर्याय तेव्हा कोणापुढेच नव्हता.

पण त्या काळचे कृष्णधवल रंगांबाबत निःपक्षपाती नव्हते. ओल्या कोलोडियनच्या प्लेटवर निळ्या-जांभळ्या प्रकाशाचाच ठसा उमटे; लाल आणि पिवळे जवळजवळ काळे येत. रॉजर फेंटनने १८६० मध्ये द्राक्षे, पीच आणि काचेच्या सुरयांच्या भरगच्च रचना केल्या. त्यांत फळाच्या रंगाची उणीव त्याच्या सालीची लव आणि काचेवरची चमक भरून काढते. १८७३ मध्ये रसायनज्ञ फोगेलने प्लेटवरच्या रसायनात रंगद्रव्ये मिसळून प्लेटची नजर हिरव्या-पिवळ्यापर्यंत वाढवली. १९०६ मध्ये लालसकट सर्व रंग ओळखणाऱ्या प्लेट बाजारात आल्या. लाल वस्तू फिकी करायची की गडद, हे आता भिंगापुढच्या फिल्टरने ठरवता येऊ लागले.

रंगीत चित्राची खटपटही टेबलावरच्या वस्तूंवरच झाली. द्यूको द्यू ओरोंने १८६८ मध्ये पेटंट घेतलेल्या पद्धतीत एकाच दृश्याची तीन फिल्टरमधून तीन चित्रे घ्यावी लागत. पाने, पाकळ्या, मेलेला कोंबडा हे तेवढा धीर धरत. ल्युमिएर बंधूंची ऑटोक्रोम प्लेट १९०७ मध्ये विक्रीला आली. बटाट्याच्या पिठाच्या रंगवलेल्या कणांतून प्रकाश गाळून घेणारी ही प्लेट मंद होती, म्हणून फुलदाणी तिला मानवली. प्रत्येक प्लेट मात्र एकुलती एक, उजेडासमोर धरून बघायची.

खरी निवड १९३० पासून सुरू झाली. एडवर्ड वेस्टनने त्या वर्षी ढोबळी मिरची पत्र्याच्या नरसाळ्यात ठेवून टिपली. हिरवा रंग गेल्यामुळे तिच्यात पाठीचे आणि दंडाचे स्नायू दिसू लागतात. रंग असता तर ती आधी भाजी राहिली असती. याची दुसरी बाजूही आहे. कृष्णधवलात वस्तू वेगळ्या दिसतात त्या उजळपणाच्या फरकाने. सारख्याच उजळ लाल आणि हिरव्या वस्तू शेजारी ठेवल्या तर फिल्टरशिवाय त्या एकाच करड्या छटेत विरघळतात. पॉल आउटरब्रिजने त्याच दशकात कार्ब्रो या किचकट पद्धतीने रंगीत स्थिरचित्रे छापली. तीन रंगांचे थर तंतोतंत जुळवावे लागत असल्याने प्रत्येक रंग विचारपूर्वकच निवडावा लागे. १९३६ मध्ये स्थिर कॅमेऱ्यासाठी कोडाक्रोम फिल्म आली आणि रंग सोपा झाला. मग तो जाहिरातीचा मानला जाऊन कलादालनांत दीर्घकाळ दुय्यम ठरला. हा आकस अनाठायी होता. खुद्द वेस्टनने १९४६-४७ मध्ये रंगीत काम केल्यावर रंगालाही आकाराचेच काम करता येते, अशी भूमिका घेतली.

या निवडीचा उत्तम अभ्यास अर्व्हिंग पेनच्या कामातून होतो. १९४३ मध्ये व्होग मासिकासाठी त्याने केलेले पहिले मुखपृष्ठ म्हणजे हातमोजे, पट्टा आणि पर्स यांचे रंगीत स्थिरचित्र. १९७२ मध्ये रस्त्यावरची सिगारेटची थोटके टिपताना त्याने प्लॅटिनम-पॅलेडियमची कृष्णधवल छपाई निवडली. जळका कागद, राख, चुरगळलेला तंबाखू: इथे सारे पोतात होते, रंग फक्त घाण दाखवत राहिला असता. १९७७ मध्ये गोठवलेल्या भाज्या-फळांचे ठोकळे रचले तेव्हा तो रंगाकडे परतला, कारण बर्फाच्या थराखालून झिरपणारा रंग काढला तर उरतात नुसत्या विटा.

डिजिटल कॅमेऱ्याने ही निवड छायाचित्र घेतल्यानंतरच्या टप्प्यावर ढकलली. मूळ फाईलमध्ये रंग असतोच. संगणकावर लाल, हिरवा, निळा यांचे प्रमाण बदलून हवी ती करडी छटा मिळते. मात्र रंगासाठी लावलेला प्रकाश बहुधा सौम्य आणि सपाट असतो. त्यातून पुढे काढलेले कृष्णधवल निस्तेज दिसते, आणि बाजूने प्रकाश टाकून पोत उठवणे संगणकाला जमत नाही. २०१२ मध्ये लायकाने केवळ कृष्णधवल टिपणारा एम मोनोक्रोम कॅमेरा काढला. त्याच्या सेन्सरवर रंगीत फिल्टरच नसल्याने वस्तू मांडण्यापूर्वीच निर्णय घ्यावा लागतो.