आधी पुस्तकांचा हिशेब, मग यंत्र

पाटीएवढे एक यंत्र निघाले आहे. त्यात शेकडो पुस्तके मावतात. त्याला ई-रीडर म्हणतात. ते घ्यावे का, असे पुष्कळ शिक्षक विचारतात. माझे म्हणणे एवढेच, की आधी पुस्तकांचा हिशेब करा.

कागद नाही, छपाई नाही, मग ई-पुस्तकाला पैसे कसले? शंका रास्त आहे. पण लेखकाचे मानधन, मुद्रितशोधन आणि विक्रेत्याचा वाटा हा खर्च सुटत नाही. शिवाय छापील पुस्तकावर जी.एस.टी. नाही, ई-पुस्तकावर आहे. छापील आवृत्ती असलेल्या ई-पुस्तकांवरचा हा कर २०१८ साली १८ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. म्हणून ई-पुस्तक बहुधा स्वस्त असते, फुकट नसते. आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा. ते बहुतेक वेळा वाचण्याच्या परवानगीपुरतेच आपले असते. शेजाऱ्याला देता येत नाही, रद्दीतही विकता येत नाही.

मात्र काही पुस्तके खरोखरच मोफत मिळतात. आपल्या कायद्यात लेखकाच्या निधनानंतर ६० वर्षे स्वामित्वहक्क राहतो. आपल्या पालगडचे साने गुरुजी १९५० साली गेले. त्यांनी स्वतः लिहिलेली पुस्तके २०११पासून सर्वांना खुली झाली. मालगुंडचे केशवसुत तर १९०५ साली गेले. विकिस्रोतावर असे जुने साहित्य सापडते.

आता यंत्राविषयी. साध्या ई-रीडरच्या पडद्यावर शाईचे बारीक काळे-पांढरे कण असतात. पान उलटले की ते जागा बदलतात, मग तसेच राहतात. म्हणून वीज थोडी लागते. एकदा भारले की कित्येक दिवस चालते. भर उन्हात, अंगणात बसूनही अक्षर स्पष्ट दिसते. रंगीत चित्रांसाठी मात्र हे यंत्र नव्हे.

दुकानात तीन गोष्टी पाहा. मराठी पान उघडून जोडाक्षरे नीट उमटतात का? ‘ईपब’ जातीचे पुस्तक चालते का, की एकाच दुकानाची पुस्तके उघडतात? आणि आपल्याजवळची पुस्तके पी.डी.एफ. असतील, तर एक उघडून बघा. त्यात पान जसेच्या तसे आक्रसते. सहा इंची पडद्यावर अक्षर मुंगीएवढे होते.

शेवटी हिशेब. समजा, यंत्र दहा हजारांचे आणि दर पुस्तकामागे शंभर रुपये वाचतात. म्हणजे शंभर पुस्तके विकत घेऊन वाचाल, तेव्हा कुठे यंत्राचे पैसे वसूल! वर्षाला पाच वाचणाऱ्याला वीस वर्षे लागतील. तोवर यंत्र टिकेल का? अशाने आधी हातातल्या मोबाईलवर दोन मोफत पुस्तके पुरी करून पाहावीत. गोडी लागली आणि डोळे शिणले, तर यंत्र जरूर घ्यावे.

नाही लागली, तरी बिघडत नाही. रत्नागिरीचे नगर वाचनालय १८२८ सालचे आहे. तिथल्या पुस्तकाला बॅटरी लागत नाही, आणि घरी आणले की चौघांना वाचता येते.