न दिसणारे दुखणे आणि हळुवार मर्दन

रक्ताचे अहवाल निर्दोष, क्ष-किरण चित्रात काही नाही, सांध्यांना सूज नाही; तरीही मान, खांदे, पाठ आणि कंबर महिनोन्‌महिने ठणकत राहतात. रात्रभर झोपूनही सकाळी अंग चेचल्यासारखे वाटते. हिशेबातली साधी बेरीज चुकते, हातात घेतलेली वस्तू कुठे ठेवली ते आठवत नाही. अशा स्त्रीला घरोघरी बहुधा एकच वाक्य ऐकावे लागते : "रिपोर्ट चांगले आहेत, म्हणजे हिला काही झालेले नाही." वैद्यकशास्त्र मात्र निराळे सांगते. या विकारास फायब्रोमायल्जिया म्हणतात. तो पुरुषांनाही होतो, परंतु स्त्रियांमध्ये अधिक आढळतो.

बिघाड कोठे असतो?

१९०४ साली विल्यम गॉवर्स या ब्रिटिश वैद्याने अशा दुखण्यास 'फायब्रोसायटिस', म्हणजे तंतुमय ऊतींचा दाह, असे नाव दिले. पुढे तपासणीत दाह आढळेना, म्हणून १९७६ पासून आजचे नाव रूढ झाले. १९९० च्या अमेरिकी निकषांनुसार शरीरावरील १८ ठरावीक बिंदूंपैकी किमान ११ बिंदू दाबल्यावर दुखणे आवश्यक मानले जाई. २०१० पासून दुखण्याचा विस्तार, थकवा, झोप आणि स्मरण यांचा एकत्रित विचार होऊ लागला.

मूळ बिघाड स्नायूंत नसून मज्जासंस्थेच्या वेदना मोजण्याच्या रीतीत असतो, असे आज मानले जाते. दुकानातील काटा बिघडला की पाव किलो मालही किलोभर दिसतो, तसे साध्या स्पर्शाचेही येथे दुखणे होते. फरक एवढाच की हा वाढीव भार रुग्णाला खरोखरच सोसावा लागतो. त्यास मनाचा खेळ म्हणणे अन्यायाचे आहे.

मर्दनाने काय साधते?

२०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात ९ चाचण्यांतील ४०४ रुग्णांचा एकत्रित विचार केला गेला. पाच आठवडे किंवा त्याहून अधिक काळ मर्दन घेणाऱ्यांचे दुखणे, चिंता आणि खिन्नता कमी झाली. झोपेत मात्र लक्षणीय सुधारणा दिसली नाही. स्नायूंवरील आवरण हळूहळू सैल करणारी पद्धत नेहमीच्या स्वीडिश मालिशीपेक्षा उपयुक्त ठरल्याचे दुसऱ्या एका आढाव्यात आढळले. दुसऱ्या बाजूस, युरोपातील संधिवाततज्ज्ञांनी पुरावा अपुरा असल्याचे सांगून मर्दनाची शिफारस केलेली नाही. त्यांनी ठाम शिफारस केली ती व्यायामाची. तेव्हा मर्दन हा उपचाराचा आधार आहे, उपचाराचा पर्याय नव्हे. 'दहा बैठकांत समूळ बरे करू' असे सांगून आगाऊ पैसे मागणाऱ्यांपासून दूर राहावे.

जोर नको, सातत्य हवे

तिळाच्या तेलाचा अभ्यंग आणि बाळंतिणीची मालीश आपल्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. त्यामुळे 'जोराने रगडल्यावाचून अंग मोकळे होत नाही' ही समजूतही पक्की आहे. या विकारात तीच घातक ठरते, कारण जोराच्या दाबाने दुसऱ्या दिवशी दुखणे उसळते. आरंभी पंधरा-वीस मिनिटे, कोमट तेलाने आणि हलक्या हाताने मर्दन करावे. दुखते तेथे थांबावे, आणि 'दुखते' म्हणण्याचा संकोच रुग्णाने बाळगू नये. दाब वाढवायचा तो आठवड्यांच्या अंतराने. हे काम शिकलेल्या फिजिओथेरपिस्टकडून करून घेणे उत्तम. घरच्या माणसाने करावयाचे असल्यास एकदा त्यांच्याकडून पद्धत समजून घ्यावी.

व्यापारी घरात वहीचे महत्त्व सांगावे लागत नाही. एका पानावर तारीख, दहापैकी दुखणे किती, झोप किती तास आणि दुसऱ्या दिवशीची अवस्था अशी नोंद ठेवावी. सहा आठवड्यांनी लाभ झाला की खर्चच झाला, हे तीच वही सांगेल.

त्याआधी डॉक्टरांकडून निदान करून घेणे अगत्याचे आहे. थायरॉइडचे विकार, 'ड' जीवनसत्त्वाची कमतरता आणि आमवात यांतही असेच दुखते. ताप, त्वचेचा संसर्ग किंवा पायातील शिरेत रक्ताची गुठळी असल्यास मर्दन करू नये. हाडे ठिसूळ असतील, रक्त पातळ करणारी औषधे चालू असतील किंवा गर्भावस्था असेल, तर डॉक्टरांना आधी विचारावे. चालू औषधे परस्पर बंद करू नयेत.

घराचा वाटा

रोज थोडे चालणे, झोपेची ठरलेली वेळ आणि बेताने वाढवलेला व्यायाम यांची जोड मर्दनास हवी. हे सारे शक्य होते ते घराने कामे वाटून घेतली तर. दिवाळीची साफसफाई, लग्नघरातील राबता, जड डबे उतरविणे ही कामे एका दिवसात एकाच व्यक्तीवर पडली, तर आठवडाभराचे मर्दन वाया जाते. ती कामे चार दिवसांत आणि चार हातांत विभागावीत. सकाळी "आज कितपत दुखते आहे?" असे विचारून मिळालेल्या उत्तरावर विश्वास ठेवावा आणि त्याप्रमाणे त्या दिवसाचे काम ठरवावे.